प्रमाण आणि प्रतिकृती : लघु-अग्निबाणांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

संस्कृतातील ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून मराठीत जे शब्द आले आहेत त्यांचा परिवार मोठा आहे. परिमाण, प्रमाण, प्रतिमा, अनुमान, उपमान, इतकेच नव्हे तर विमान हाही शब्द त्याच कुळातला. यांपैकी ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ आपण नित्य वापरतो. नकाशाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ असे लिहिलेले असते तेव्हा मूळ वस्तू व चित्र यांच्या आकारांतील गुणोत्तर अभिप्रेत असते. आणि एखादे विधान ‘सप्रमाण’ सिद्ध करा असे आपण विद्यार्थ्यास सांगतो तेव्हा पुरावा अभिप्रेत असतो. इंग्रजीत या दोन कल्पनांसाठी दोन निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. मराठीत त्या एकाच शब्दात नांदतात. हा केवळ व्युत्पत्तीचा योगायोग आहे, की त्यामागे काही विचार आहे, असा प्रश्न कोणासही पडावा.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अनपेक्षित क्षेत्राच्या आधारे करावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे प्रत्यक्षात उडालेल्या अग्निबाणांच्या लहान, प्रमाणबद्ध आणि स्वतः उडणाऱ्या प्रतिकृती. तयार संच विकत न घेता कागद, पुठ्ठा व हलके लाकूड यांतून मुळापासून घडविलेली अशी प्रतिकृती हा पाश्चात्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झालेला एक छंद आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष दिलेले क्वचितच आढळते. हे तर खेळणे आहे, त्याचा इतिहासाशी काय संबंध, असा आक्षेप येणे स्वाभाविक होय. त्यास उत्तर असे की, नष्ट झालेल्या वस्तूचे रूप उपलब्ध पुराव्यावरून पुन्हा सिद्ध करणे हे इतिहासकाराचे काम आहे. आणि अग्निबाण ही वस्तू स्वभावतःच एकदा वापरून नष्ट होणारी आहे. जो अग्निबाण उडाला तो सहसा समुद्रात तरी बुडाला, वाळवंटात तरी मोडला. त्याची प्रतिकृती करणारा मनुष्य, त्यास जाणीव असो वा नसो, इतिहासकाराचेच काम करीत असतो.

२

या छंदाचा उगम स्पुटनिकमध्ये शोधण्याची प्रथा आहे. ती अर्धवट खरी आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांत अग्निबाण बनविण्याची लाट आली हे खरे. ही मुले धातूच्या नळ्यांत घरी कालविलेली दारू ठासून ती पेटवीत. अनेकांना दुखापती झाल्या, काही प्राणास मुकले. मात्र असा प्रत्येक प्रयत्न अनर्थातच संपला असे म्हणता येणार नाही. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या खाणगावात होमर हिकम व त्याच्या सोबत्यांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाने अग्निबाण बनविले आणि १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पारितोषिक मिळविले. परंतु अशा यशामागे कुशल मार्गदर्शन होते, आणि ते सर्वत्र उपलब्ध नव्हते.

या संकटावरील उपाय मात्र स्पुटनिकच्या आधीच सिद्ध झालेला होता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचे पादत्राणांचे एक व्यापारी होते. शोभेच्या दारूकामाचा त्यांना नाद होता. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा छंद होता आणि उड्डाणविद्येवरील व्याख्यानांत अग्निबाणाचे तत्त्व प्रत्यक्ष दाखविता यावे अशी त्यांची इच्छा होती. या दोन छंदांच्या संगमातून १९५४ साली कागदी नळीचा एक लहान अग्निबाण निर्माण झाला. ‘रॉक-अ-चूट’ असे त्याचे नाव. त्याचे पेटंट कार्लाइल यांना १९५८ साली मिळाले. दारूची ठासलेली कांडी ही बदलता येण्याजोगी, स्वतंत्र वस्तू होती. ती जळून संपल्यावर काही क्षणांनी एक लहान स्फोट होई, अग्रशंकू सुटून हवाई छत्री बाहेर पडे आणि अग्निबाण अलगद खाली येई. नवी कांडी बसविली की तो पुन्हा उडविता येई.

या रचनेचे महत्त्व ओळखणारे गृहस्थ म्हणजे जी. हॅरी स्टाइन. न्यू मेक्सिकोमधील व्हाइट सँड्स या चाचणीक्षेत्रावर त्यांनी काम केले होते आणि अग्निबाणांच्या सुरक्षिततेविषयी ते नियतकालिकांतून लिहीत असत. त्यांचे लेखन वाचून कार्लाइल यांनी १९५७ च्या आरंभी आपले नमुने त्यांच्याकडे पाठविले. त्याच वर्षी स्टाइन यांनी डेन्व्हर येथे ‘मॉडेल मिसाइल्स’ ही कंपनी काढली आणि छंदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेचा पायाही घातला. दारूच्या कांड्या एकसारख्या गुणाच्या व मोठ्या संख्येने हव्या होत्या. त्या बनविणारे यंत्र व्हर्न एस्टीस यांनी तयार केले. संपीडित हवेवर चालणाऱ्या त्या यंत्रास त्यांनी ‘मेबल’ हे नाव दिले होते. जुलै १९५९ मध्ये डेन्व्हर येथेच पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. स्टाइन यांचा या विषयावरील मार्गदर्शक ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. या छंदाचा खरा शोध म्हणजे श्रमविभाग. दारू कालविणे व ठासणे हे घातक काम कारखान्याकडे सोपवावयाचे आणि देह घडविणे, तोल साधणे, उड्डाण अभ्यासणे ही कामे छंदिष्टाने करावयाची, अशी ती वाटणी होती. पुढे सुरक्षासंहितेने ती नियमबद्ध केली. देह कागद, लाकूड, प्लास्टिक अशा हलक्या पदार्थांचा असावा. कांडी कारखान्यात बनलेली असावी व तिच्यात फेरफार करू नये. पेटविणे विजेच्या तारेने व सुरक्षित अंतरावरून व्हावे. आणि उड्डाणाची दिशा उभ्या रेषेपासून तीस अंशांपेक्षा अधिक कललेली नसावी. आपल्याकडेही परवान्याविना स्फोटक द्रव्य तयार करणे १८८४ च्या स्फोटक द्रव्य अधिनियमाने निषिद्ध आहे. तेव्हा जेथे अधिकृत कांडी मिळत नाही तेथे प्रतिकृती मेजावरच राहावी, हाच या परंपरेचा आदेश समजावयाचा.

आणखी एक नोंद येथे महत्त्वाची आहे. ‘मॉडेल मिसाइल्स’ कंपनीने बाजारात आणलेला पहिला संच हा काल्पनिक आकाराचा नव्हता. तो ‘एरोबी-हाय’ या वातावरणाच्या उच्च थरांचे संशोधन करणाऱ्या खऱ्या अग्निबाणाच्या आकारावर बेतलेला होता. म्हणजे प्रत्यक्ष अग्निबाणाचे अनुकरण ही या छंदातील मागाहून आलेली हौस नसून ती त्याच्या व्यापाराच्या आरंभापासूनच आहे.

३

आता प्रमाणाचा पहिला अर्थ, म्हणजे गुणोत्तर, प्रत्यक्षात कसा वागतो ते पाहू. उदाहरणार्थ २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून उडालेला अग्निबाण घेऊ. भारताच्या भूमीवरून अवकाशसंशोधनासाठी सोडलेला हा पहिला अग्निबाण. तो ‘नायकी-अपाची’ या दोन टप्प्यांच्या जातीचा असून अमेरिकेने पुरविला होता. त्यातील सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते. खालचा टप्पा मूळच्या नायकी या विमानवेधी क्षेपणास्त्राचा. त्याचा व्यास सुमारे ४२ सेंटिमीटर, वरच्या अपाची टप्प्याचा सुमारे १६.५ सेंटिमीटर आणि एकूण लांबी सुमारे ८.३ मीटर.

प्रतिकृतीचे प्रमाण एकास दहा धरले तर खालच्या नळीचा व्यास ४२ मिलिमीटर, वरचीचा १६.५ मिलिमीटर आणि लांबी ८३ सेंटिमीटर येते. हिशेब सुबक आहे. पण प्रचलित कांड्यांपैकी सर्वांत रूढ कांडीचा व्यास १८ मिलिमीटर असतो. ती १६.५ मिलिमीटरच्या नळीत बसणार नाही. मग एक तर १३ मिलिमीटरची लहान व दुबळी कांडी वापरावयाची, किंवा प्रमाणच बदलावयाचे. वरची नळी २० मिलिमीटरची घेतली तर प्रमाण एकास सव्वाआठ होते आणि प्रतिकृतीची उंची एक मीटरच्या घरात जाते. वरची नळी जाड ठेवून खालची तशीच ठेवणे, म्हणजे सोयीपुरते खोटे बोलणे, हा मार्ग बंद असतो. एक माप पत्करले की बाकीची सर्व मापे बांधली जातात. कवीने एकदा वृत्त निवडले म्हणजे पुढील चरणांत त्याचे स्वातंत्र्य जसे उरत नाही, तसेच हे आहे.

कांड्यांची नावे हीही एक लहानशी भाषाच होय. कांडीवर ‘सी ६-५’ असे छापलेले असते. त्यातील अक्षर एकूण आवेगाचा वर्ग सांगते : ए वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, बी ची ५, सी ची १०, याप्रमाणे प्रत्येक वर्ग मागच्याच्या दुप्पट. मधला अंक सरासरी रेटा न्यूटनांत सांगतो आणि शेवटचा अंक दारू जळून गेल्यानंतर छत्री उघडेपर्यंत जाणारे सेकंद. खालच्या टप्प्याच्या कांडीवर शेवटी शून्य असते. कारण तिने जराही न थांबता वरच्या कांडीस पेटवावयाचे असते. तीन चिन्हांत उड्डाणाचा सारा वृत्तान्त सामावतो. क्रम बदलला तर अर्थ बदलतो, आणि एकही चिन्ह गाळता येत नाही.

देह घडविण्याची रीत साधी पण वेळखाऊ आहे. हव्या त्या जाडीच्या दांड्याभोवती कागदाच्या पट्ट्या सरसाने गुंडाळून नळी करावयाची. बाल्सा लाकडाचा ठोकळा फिरता ठेवून, पॉलिश पेपरने घासत अग्रशंकू उतरवावयाचा. पुच्छपंख कापताना लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेस समांतर ठेवावयाच्या, नाही तर ते पहिल्याच उड्डाणात मोडतात. लाकडाची छिद्रे लेप देऊन, घासून, पुन्हा लेप देऊन बुजवावी लागतात. कारण मूळ वस्तू धातूची होती आणि धातूवर लाकडाच्या रेषा नसतात.

पण प्रमाण पाळले म्हणजे प्रतिकृती उडेलच असे नाही. हवा आपल्यासाठी लहान होत नाही. लांबी दहापटीने घटली की पृष्ठफळ शंभरपटीने आणि घनफळ हजारपटीने घटते. वजन कोठे किती पडते याचे मुळाशी असलेले नाते तुटते. अग्निबाण सरळ जावा यासाठी त्याचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबमध्याच्या पुढे, निदान एका व्यासाइतका, असावा लागतो. आरंभीच्या काळात दाबमध्य काढण्यासाठी अग्निबाणाची छायाकृती पुठ्ठ्यातून कापून ती धारेवर तोलून पाहत. ही पद्धत अतिसावध होती. तीवर विसंबणाऱ्यास पुच्छपंख विनाकारण मोठे करावे लागत, किंवा अग्रशंकूत शिसे भरावे लागे. एकाने मुळाशी इमान सुटे, दुसऱ्याने वजन वाढे.

ही कोंडी १९६६ साली फुटली. अमेरिकेच्या गॉडर्ड अवकाशकेंद्रात वातावरणवेधी अग्निबाणांवर काम करणारे जेम्स बॅरोमन यांनी त्या वर्षीच्या राष्ट्रीय मेळाव्यात दाबमध्य गणिताने काढण्याची सुलभ रीत मांडली. अग्निबाणाचे अग्रशंकू, नळीतील चढउतार, पुच्छपंख असे अवयव पाडून प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र काढावयाचा आणि मग बेरीज करावयाची, असे तिचे स्वरूप आहे. सरळ शंकूचा दाबमध्य टोकापासून त्याच्या लांबीच्या दोन-तृतीयांशावर येतो, हे शालेय गणित जाणणाऱ्यासही वापरता येते. पुढच्या वर्षी याच विषयावर त्यांनी विद्यापीठात प्रबंध सादर केला. छंदिष्टांच्या मेळाव्यात मांडलेली रीत आणि विद्यापीठीय प्रबंध यांमधील अंतर एका वर्षाचे होते, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांनी लक्षात घेण्यासारखी आहे. या रीतीमुळे मूळ आकाराचे पंख ठेवूनही प्रतिकृती स्थिर राहील की नाही हे उड्डाणापूर्वीच कळू लागले, आणि तडजोड करावी लागलीच तर ती किती, हेही मोजता येऊ लागले.

४

येथवर गुणोत्तराचा विचार झाला. आता पुराव्याचा. आंतरराष्ट्रीय विमानविद्या संघाच्या नियमांनुसार या विषयाच्या जागतिक स्पर्धा भरतात. पहिली १९७२ साली त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील व्हर्शाट्स येथे झाली. तीतील ‘एस ७’ हा वर्ग प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा. त्यात परीक्षक प्रथम कागदपत्रे पाहतात, नंतर प्रतिकृतीची मापे, कारागिरी व कामाची अवघडता पाहतात, आणि शेवटी उड्डाण पाहतात. ज्या मापास वा रंगास पुरावा नाही त्याचे श्रेय मिळत नाही. अशी सामग्री संकलित करणारे ग्रंथही पुढे निर्माण झाले. पीटर ऑल्वे यांचा ‘रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड’ हा १९९३ चा ग्रंथ त्यांपैकी एक होय.

या पुराव्याचे वर्गीकरण करू गेल्यास न्यायदर्शनातील चार प्रमाणे आपोआप हाती लागतात. एखादा न उडालेला अग्निबाण संग्रहालयात असेल तर मापनपट्टी लावून घेतलेली मापे हे प्रत्यक्ष. छायाचित्रातील ज्ञात व्यासाच्या आधारे अज्ञात लांबी काढणे हे अनुमान. त्याच जातीच्या दुसऱ्या अग्निबाणावरून पहिल्याचे रूप ठरविणे हे उपमान. आणि कारखान्याचे आराखडे व अधिकृत अहवाल हा शब्द, म्हणजे आप्तवचन. नवख्याची समजूत अशी असते की आप्तवचन सर्वांत विश्वसनीय. अनुभवी कारागीर जाणतो की आराखडा म्हणजे काय करावयाचे ठरले होते त्याची नोंद. काय झाले त्याची नव्हे. संग्रहालयातील वस्तूही पुष्कळदा मागाहून रंगविलेली असते, म्हणजे प्रत्यक्षही निर्दोष नाही.

यातील सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘सॅटर्न ५’ या चंद्रयात्रेच्या अग्निबाणाचे आहे. २५ मे १९६६ रोजी या जातीचा एक पूर्णाकृती अग्निबाण फ्लोरिडातील जुळणीगृहातून समारंभपूर्वक बाहेर आणण्यात आला. त्याचा क्रमांक ५०० एफ. तो उडण्यासाठी नव्हताच. उड्डाणतळावरील जोडण्या व यंत्रणा नीट बसतात की नाही एवढे पाहण्यासाठी तो होता. त्याच्या पहिल्या टप्प्यावरील काळ्या रंगाचा काही भाग पुढील अग्निबाणांवर पांढरा करण्यात आला, कारण उन्हात काळ्या पृष्ठभागाखालील तापमान वाढत होते. परंतु छायाचित्रे प्रथम ५०० एफचीच प्रसिद्ध झाली होती. प्लास्टिकच्या संचांच्या उत्पादकांनी ती प्रमाण मानली. परिणाम असा झाला की, जो अग्निबाण कधीच उडाला नाही त्याची रंगरचना, चंद्रावर माणसे नेणाऱ्या अग्निबाणाची म्हणून, अनेक वर्षे घरोघरच्या कपाटांत मिरवत राहिली.

हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यास हा प्रकार परिचयाचा वाटेल. एका प्रारंभिक प्रतीतील पाठ, ती प्रत हाताशी होती एवढ्याच कारणाने, पुढील सर्व प्रतींत शिरतो. प्रतींची संख्या वाढली म्हणून त्याची ग्राह्यता वाढत नाही. ज्ञानेश्वरीच्या वा महाभारताच्या संपादकांनी जो विवेक शिकविला तोच येथे लागू आहे. प्रतिकृतीकाराचा पहिला प्रश्न ‘कोणता अग्निबाण’ हा नसून ‘कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या दिवशीचा’ हा असला पाहिजे. जातीची प्रतिकृती होत नाही, व्यक्तीची होते.

काळ्यापांढऱ्या चौकटींसंबंधीही एक गैरसमज आहे. त्या शोभेसाठी असतात असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः उडणारा अग्निबाण स्वतःभोवती किती फिरला हे दुरून घेतलेल्या चित्रपटावरून मोजता यावे म्हणून त्या रंगविलेल्या असत. म्हणजे त्या स्वतःच मोजमापाचे साधन होत्या. चौकट किंचित सरकवून रंगविणारा कारागीर चित्र बिघडवितो, आणि शिवाय मोजपट्टीवरील खूणच खोडतो.

५

आता एका अडचणीच्या मुद्द्याकडे वळले पाहिजे. प्रतिकृतीकारांत अत्यंत लोकप्रिय असलेल्या अग्निबाणांपैकी एक जर्मनीचा व्ही-२. उंची सुमारे १४ मीटर, कमाल व्यास १.६५ मीटर, देखण्या वळणाचा देह आणि मोठे पुच्छपंख, त्यामुळे प्रतिकृतीस सोयीचा. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेम्युंडे येथून झालेले त्याचे यशस्वी उड्डाण, आणि २४ ऑक्टोबर १९४६ रोजी व्हाइट सँड्सहून उडालेल्या अशाच अग्निबाणातून घेतलेले अवकाशातील पहिले छायाचित्र, या घटना प्रतिकृतीसोबतच्या टिपणांत आवर्जून दिल्या जातात. पण याच अग्निबाणाने लंडन व अँटवर्प या शहरांतील हजारो नागरिक मारले. आणि तो ज्या भुयारी कारखान्यात बनला त्याच्या मिट्टेलबाऊ-डोरा छावणीत आणलेल्या सुमारे ६०,००० कैद्यांपैकी सुमारे २०,००० मृत्युमुखी पडले. ही गोष्ट कोणत्याही प्रमाणाने लहान केलेल्या नळीत उतरत नाही. मापे सर्व बरोबर, रंग सर्व बरोबर, आणि तरीही वस्तूविषयीचे सत्य अपुरे, अशी ही स्थिती आहे. प्रतिकृतीचा दोष नव्हे. ती तिची मर्यादा होय. टिपणात मात्र ही मर्यादा ओलांडता येते, आणि ती ओलांडणे हे कर्तव्य आहे.

युरोपीय भाषांतील ‘रॉकेट’ हा शब्द चातीच्या वा सुताच्या काठीच्या इटालियन नावावरून, म्हणजे आकारावरून आला. आपल्या ‘बाण’ या शब्दाने वस्तूचे कार्य सांगितले. पेशवेकालीन कागदपत्रांत तो युद्धातील दारूच्या बाणांसाठी येतो. म्हैसूरच्या सैन्याने लोखंडी नळ्यांचे बाण इंग्रजांविरुद्ध वापरले आणि त्यांचा अभ्यास करून विल्यम काँग्रीव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात आपले बाण सिद्ध केले. शब्दाचा हा इतिहास विसरून ‘अग्निबाण’ हे केवळ भाषांतर समजणे योग्य नाही. युद्धाची स्मृती त्या शब्दात आहेच. थुंब्याच्या पहिल्या अग्निबाणाचा खालचा टप्पाही क्षेपणास्त्राचाच होता, हे वर आलेच आहे.

थुंब्याकडे परत येऊन एक सूचना मांडावयाची आहे. तेथील सेंट मेरी मॅग्डलेन चर्चच्या वास्तूत आरंभीचे काम चाले. तीत आज अवकाश संग्रहालय आहे. सायकलवरून अग्निबाणाचा अग्रशंकू नेणाऱ्या माणसांचे एक छायाचित्र आपणा सर्वांस ठाऊक आहे. ते आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९६६ साली घेतले. तरीही १९६३ च्या पहिल्या उड्डाणाच्या वर्णनासोबत ते वारंवार छापले जाते, आणि वाचकांची समजूत अशी होते की तो शंकू त्या दिवशीच्या नायकी-अपाचीचाच होता. हा आपला ५०० एफ आहे. चित्र खरे, माणसे खरी, सायकलही खरी. जोडणी तेवढी चुकीची. चित्रावरून प्रतिकृती करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास तो शंकू नायकी-अपाचीवर बसवावयाचा तर मापे जुळवून पाहावी लागतील आणि तारीख विचारावी लागेल. नुसते वर्णन लिहिणाऱ्यास हा प्रश्न टाळता येतो, घडविणाऱ्यास टाळता येत नाही.

भारतीय बनावटीचा पहिला लहान अग्निबाण, रोहिणी-७५, २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्याहून उडाला. रोहिणी मालेत नावातील अंक हा व्यासाचा मिलिमीटरमधील आकडा असतो; म्हणजे नाव हेच येथे मापही आहे. ७५ मिलिमीटर व्यास म्हणजे एकास तीन प्रमाणाने अवघी २५ मिलिमीटरची नळी. रूढ कांडी तीत सहज मावते. इतक्या सोप्या व इतक्या अर्थपूर्ण वस्तूची सप्रमाण प्रतिकृती, पुराव्याच्या पूर्ण टिपणासह, पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करवून घेणे इतिहास विभाग व विज्ञान विभाग यांना एकत्र येऊन शक्य आहे. संग्रहालयातील वस्तूंची मापे घेणे, छायाचित्रांच्या तारखा ताडून पाहणे, त्या कामावर असलेल्या आणि आज वृद्ध झालेल्या तंत्रज्ञांच्या आठवणी नोंदविणे, ही तीन कामे त्यासाठी करावी लागतील. यांपैकी तिसरे काम फार काळ थांबणारे नाही.

आरंभीच्या प्रश्नास आता उत्तर देता येईल. ‘प्रमाण’ शब्दातील दोन अर्थ एकत्र नांदतात ते योगायोगाने नव्हे. मोजल्याशिवाय सिद्ध होत नाही आणि सिद्ध झाल्याशिवाय मापास अर्थ नाही, ही जाण त्या शब्दाच्या घडणीत आहे. सप्रमाण प्रतिकृती घडविणारा दोन्ही अर्थ एका वेळी पाळतो. त्याचे टिपण परीक्षक तपासतात आणि त्याचा तोल हवा तपासते. आपल्या निबंधांना हा दुसरा परीक्षक लाभत नाही. म्हणून पहिल्या परीक्षेत आपण अधिक काटेकोर असावयास हवे.